दहाच्या नोटेला तंबाखूचा वास

आधी पत्र. लांबलचक होतं, मी कापून ठेवलंय, गल्लीचं नाव आणि माणसांची नावं काढून टाकलीत.

"ताई, माझी आज्जी मागच्या जानेवारीत गेली, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आठ दिवस आधी. मी 33 वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. लहानपण सोलापुरात, अशोक चौकाच्या पलीकडं, एका खोलीत सहा जणं. आज्जी विड्या वळायची, शेजारी आई पण सूप घेऊन बसायची, मी मधे अभ्यासाला. आता वर्षश्राद्धाला पाहुण्यांना द्यायला आज्जीच्या आठवणींची सोळा पानी पुस्तिका लिहिलीये. आईला वाचायला दिली. तिनं सगळी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, 'हे कुणाबद्दल लिहिलंयस गं?' आणि भाकरी करायला उठून गेली. दोन दिवस नीट बोलली नाही. पप्पा म्हणतात मनावर घेऊ नको, छापून टाक. भाऊ म्हणतो सोडून दे, कशाला घरात वाद. माझी आज्जी खरंच गोड होती हो. गड्ड्याला जाताना पदराची गाठ सोडून दहाची नोट द्यायची, त्या नोटेला तंबाखूचा वास यायचा, अजून कुठं तो वास आला की माझे डोळे भरतात. मग आई असं का बोलली? आणि दुसरं म्हणजे मला तिचा आवाज आठवेनासा झालाय, त्याची फार भीती वाटते. छापू का नको?"

अगं पोरी, पत्रासोबत तू ती सोळा पानं पण पाठवलीस, ते बरं केलंस, नाहीतर मी पण तुझ्या पप्पांसारखंच म्हणाले असते की छाप. पानं वाचली आणि खरं सांगू का, तुझ्या आईनं विचारलं ते बरोबर विचारलंय. कुणाबद्दल लिहिलंयस हे? "प्रेमळ", "कष्टाळू", "त्यागाची मूर्ती", "मायेचा सागर" (हा सागर तीन वेळा आलाय, मी मोजला). यात माझ्या आज्जीचा फोटो लावला तरी चालेल, समोरच्या काकूंच्या सासूबाईंचा लावला तरी चालेल, आणि त्या बाई कशा होत्या ते सगळ्या गल्लीला माहिताय. जी गोष्ट फक्त तुझ्या आज्जीची आहे, ती तंबाखूच्या वासाची नोट, ती मला लिहिलेल्या पत्रात आहे आणि पुस्तिकेत नाहीच! विडी हा शब्द सोळा पानांत दोनदाच आलाय, त्यातला एक तर "विडी व्यवसायाशी निगडित" असा. का गं? पुण्याचे सासरचे लोक वाचतील म्हणून? बघ स्वतःलाच विचारून, मला उत्तर नको.

मी पण सोलापूरच्या पूर्व भागातलीच, साखर पेठेत वाढले. आमच्या घरी विड्या नव्हत्या, आजोबा जुन्या मिलमध्ये होते, पण गल्लीत दर दुसऱ्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसलेली बाई असायची. शाळेतून येताना तो वास आधी यायचा आणि मग घर. रात्री पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं सारख्या मापात कापायची, मग मांडीवर सूप, चिमूटभर तंबाखू, बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, सूत बांधायचं, पुढची. पंचवीसचं बंडल. हात खाली आणि तोंड वर, म्हणजे बोलणं चालू, भांडणं चालू, लग्नं ठरवणं चालू, आणि हात थांबत नाही. मला लहानपणी वाटायचं या बायकांचे हात वेगळे आहेत आणि त्या वेगळ्या.

आणि मजुरी हजारावर. म्हणजे हजार विड्यांमागं अमुक रुपये. विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये वळलेल्या विड्यांची पाटी घेऊन जायचं, तिथं तपासणारा बसलेला असायचा, तो यातल्या खराब म्हणून बाजूला काढणार, त्या गेल्या, त्याचे पैसे नाहीत. पानं खराब निघाली आणि कमी पडली तर पदरचे पैसे घालून विकत आणायची. हे सगळं तुला माहित असेल, नसेल तरी आईला माहित आहे, कारण आता मी तुला जे विचारणार आहे ते त्यावरच आहे.

तू पुस्तिकेत पान चारवर लिहिलंयस की आज्जी घरचं सगळं करून रोज हजार विड्या वळायची. बरं. हजार विड्या म्हणजे सरावाच्या हाताला पण पार दिवसभराचं बसणं आहे, उठायचं नाही असं. आणि तू लिहितेस घरचं सगळं करून, शिवाय तुम्हा पोरांचं करून, शिवाय संध्याकाळी रूपाभवानीच्या देवळात जाऊन. आणि पत्रात अगदी सहज लिहून गेलीस की शेजारी आई पण सूप घेऊन बसायची.

तर त्या हजारात आईच्या किती होत्या?

पूर्व भागात हे घरोघरी होतं. विडी कामगाराचं कार्ड एका बाईच्या नावावर, शक्यतो सासूच्या, आणि वळणाऱ्या दोघी, तिघी, शाळेतनं आलेली पोरगी पण धरली तर चार. ब्रँचला जाणार सासू, सही नाहीतर अंगठा सासूचा, पैसे सासूच्या हातात, पीएफ कापला तर सासूच्या खात्यात, पुढं पेन्शन बसली तर सासूलाच. सून घरात बसून वळत होती हे कुठल्याच कागदावर नाही. तुझ्या घरी असंच होतं असं मी इथं बसून म्हणू शकत नाही, दोघींची दोन कार्डं असतील पण. पण तू एकदा विचार आईला, की कार्ड कुणाचं होतं. एवढंच विचार.

कारण एकच कार्ड असेल तर तुझी ती दहाची नोट, पदराच्या गाठीतली, डोळे भरून आणणारी, तिच्यात आईच्या पण विड्या आहेत. नोट आज्जीनं दिली, ते खरंच आहे, तिनं द्यायचं मनात आणलं म्हणून तुला मिळाली, तिचं प्रेम त्यात आहेच. पण तुझ्या आईला तुझ्या हातात द्यायला तशी नोट कधी मिळाली का? तिच्या पदराला गाठ होती का? आणि आता आज्जी गेल्यावर आईच्याच लेकीनं सोळा पानं लिहिली, त्यात आई दोन ठिकाणी आहे, एकदा "आई-पप्पा" म्हणून जोडीत आणि एकदा चहा देताना. मग ती भाकरी करायला उठून जाणार नाही तर काय करणार?

हे वाचून आता लगेच आज्जीवर रागावू नकोस. मला माहिताय तुम्हा पोरींचं, काल देवी होती आणि आज उलटी बाजू कळली की एकदम खलनायिका. तसं नसतं. तुझी आज्जी 78 ची होऊन गेली म्हणतेस, म्हणजे 1947 च्या आसपासचा जन्म, ती पण कुणाच्या तरी कार्डावर वळली असणार पंधरा-वीस वर्षं, तिच्या सासूच्या. विडी कामगारांचा कायदा 1966 ला आला, कल्याण निधीचा 1976 ला, त्याच्यातनं पोरांना स्कॉलरशिप मिळायला लागली, तुझ्या पप्पांच्या शिक्षणाला ती मिळाली असं तूच लिहिलंयस. म्हणजे आज्जीच्या तरुणपणी यातलं काही नव्हतं नाहीतर नुकतंच येत होतं. पैसा हातात आला तेव्हा ती चाळिशीची असेल. मग ती गाठ तिनं घट्टच मारली. मला तिचा राग येत नाही. पण तुझ्या आईला येत असेल तर तिला येऊ दे की, तिचा हक्क आहे.

पप्पांचं "मनावर घेऊ नको" जरा बाजूला ठेव. चांगला माणूस असणार ते, प्रश्न नाही, पण ते त्या बाईचा मुलगा होते, त्यांच्या मांडीवर सूप नव्हतं.

आता माझ्या आज्जीची एक गोष्ट सांगते, म्हणजे मी हे का म्हणते ते कळेल, आणि खरं तर मला सांगायचीच आहे. ती 1915 च्या आसपास जन्मली, नक्की तारीख कुणालाच ठाऊक नाही, "दुष्काळ संपून दोन पावसाळे" असा तिचा वाढदिवस. 1930 ला सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ती पंधरा वर्षांची, नवीन लग्न होऊन आलेली. तुला शाळेत शिकवलं असेल, मे महिन्यात लागला तो, गोरे सोल्जर रस्त्यावर, गांधी टोपी दिसली की धरायचे. पुढं 12 जानेवारी 1931 ला आपले चार जण येरवड्याला फासावर गेले, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. दरवर्षी ती तारीख आली की आज्जी चूल उशिरा पेटवायची, का ते विचारलं तर बोलायची नाही. पण टोपीची गोष्ट मात्र सांगायची. मला सांगायची की आजोबांची टोपी तिनं पिठाच्या डब्यात खाली पुरून ठेवली, सोल्जर घरात शिरला, डब्याचं झाकण काढलं, आणि हिनं त्याच्याकडं असं बघितलं असं बघितलं की तो झाकण लावून गेला. मी ही गोष्ट शाळेत सांगितली, कॉलेजात सांगितली, बँकेत लागल्यावर पंधरा ऑगस्टला माईकवर सांगितली.

आज्जी गेल्यावर तेराव्याला आम्ही बहिणी-बहिणी बसलो होतो आणि मी परत ती गोष्ट काढली, तर माझी मोठी चुलत बहीण म्हणाली, पिठाचा डबा कुठला? टोपी चुलीत घातली तिनं. मला स्वतः सांगितलंय, गल्लीत बुटांचा आवाज आला तशी टोपी चुलीत घातली, आजोबांनी घरी येऊन विचारलं तर सांगायला तोंड नव्हतं, आणि कुणी घरात शिरलंच नाही, बूट पुढं निघून गेले.

मग काय, भांडण. म्हणजे खरंच भांडण, दोन वर्षं आम्ही एकमेकींकडं हळदी-कुंकवाला गेलो नाही. माझं म्हणणं आज्जी खोटं कशाला बोलेल, तिचं म्हणणं तेच. आता मी 62 ची आहे, तर मला वाटतं टोपी चुलीतच गेली. पंधरा वर्षांची पोर, दारात बूट, घरात एकटी, कोण पिठाचा डबा शोधत बसतंय. पण मग मला डब्याची गोष्ट का सांगितली? मी तेव्हा चौथीत होते, अंधाराला घाबरायचे, मोरीत एकटी जायचे नाही. आणि चुलत बहीण तेव्हा लग्न होऊन वर्ष झालेलं, माहेरी आलेली, घरी नवऱ्याच्या हातून काहीतरी महागाचं मोडलं होतं आणि आळ हिच्यावर, असलं काहीतरी चालू होतं. तिला आज्जीनं चुलीची गोष्ट सांगितली. ज्या पोरीला जशी लागेल तशी दिली, घासाचं करतात तसं, एकीला कडक भाकरी आणि एकीला दुधात कुस्करून. आता आम्ही दोघी नातवंडांना दोन्ही गोष्टी सांगतो आणि ती पोरं विचारतात खरी कुठली, आणि आम्ही दोघी एकदम वेगवेगळं उत्तर देतो. मजा येते.

तर तुझ्याकडं डब्याची गोष्ट आहे आणि तुझ्या आईकडं चुलीची. छापायची तर दोन्ही लागतील.

आईकडनं काढायची कशी, ते सांगते, कारण तुम्ही आयटीवाले काय करता माहिताय, मोबाईल समोर उभा करता आणि म्हणता, "हां आई, बोल." त्यानं काही येत नाही. आई पदर सारखा करणार, "मी काय सांगणार बाई, चांगल्या होत्या" म्हणणार, संपलं. विडीवाल्या बाईचं तोंड हात चालू असला की चालतं. म्हणून तिच्या हाताला काम दे. येताना पुण्याहून दोन दिवस जास्तीची सुट्टी काढ, आणि तिला म्हण की आई, मला शेंगाची चटणी शिकव, आज्जीची. उखळात. मिक्सर काढलास तर मला सांगू नकोस. शेंगा मंद आचेवर भाजायच्या, सालं चोळून पाखडायची, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, आणि मग कुटत बसायचं, तेल सुटेपर्यंत, चटणी गोळा व्हायला लागेपर्यंत. हे तेल सुटणं लवकर होत नाही, तेवढा वेळ दोघी समोरासमोर, एकीच्या हातात मुसळ आणि एकीच्या हातात उखळ धरलेलं. तुझ्या तोंडून एकच वाक्य: "आज्जी लसूण किती घालायची?" बस. आई म्हणेल एवढा, मग म्हणेल नाही, त्या एवढा घालायच्या पण मला वास सहन व्हायचा नाही तेव्हा, तुझ्या वेळी, मग त्या... आणि सुरू होईल. तू मधे "अरे बापरे" म्हणायचं नाही, आज्जीची बाजू घ्यायची नाही, "पण मला तर आज्जीनं कधी" असं तर अजिबात म्हणायचं नाही. कुटत राहायचं.

काय निघेल ते मी सांगू शकत नाही. बाळंतपणातलं काहीतरी निघेल असं मला उगीच वाटतंय, कारण आपल्याकडच्या सुनांचं बहुतेक तिथंच अडकलेलं असतं, सव्वा महिना झाला होता का नव्हता तेवढ्यात सूप पुढ्यात आलं असलं काही. आणि त्याच्याच शेजारी काहीतरी दुसरं पण निघेल ज्याची तुला कल्पना नाही. माझ्या ओळखीत एक बाई सासूबद्दल तासभर विष ओकली आणि शेवटी म्हणाली, पण मला टायफॉईड झाला तेव्हा माझ्या वाटणीच्या विड्या रात्री दोनपर्यंत जागून त्या वळायच्या, कार्डावर खाडा पडू नये म्हणून. मग स्वतःच गप्प झाली. कार्डासाठी का माझ्यासाठी, ते मला अजून कळलं नाही म्हणाली.

आणि हे सगळं छापायचं नाही बरं का. ते तुझ्या हातात आलं म्हणजे ते पाहुण्यांचं झालं असं नाही. आई म्हणेल तेवढंच घालायचं, आणि बहुतेक ती म्हणेल काही नको घालू. मग नको घालू. पण तू ऐकलंयस हे तिला माहित असेल, आणि तुझी पुढची सोळा पानं आपोआप वेगळी येतील, बघ तू. मायेचा सागर तर तुझा तुलाच वाचायला नको वाटेल.

सोळा कशाला, आठ कर. त्यात विशेषणं कमी आणि हात जास्त. आज्जी सकाळी उठल्यावर पहिलं काय करायची? चार दिवसाआड नळाला पाणी यायचं तेव्हा घागरी कुठल्या क्रमानं भरायची, कुणाला ओरडायची? तू लिहिलंयस ती "सणवार मोठ्या उत्साहानं" करायची. म्हणजे काय? भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ ती कसे थापायची, पाण्याचा हात लावून का कोरडे? वेळा अमावस्येला तुमचं शेत नव्हतं, मग कुणाच्या शेतात जायचात, आंबील कशात घेऊन जायचात? गड्ड्यात सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षतांच्या दिवशी सम्मती कट्ट्यापाशी गर्दीत ती तुला कडेवर घ्यायची का खांद्यावर, "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" झालं की तांदूळ टाकताना सगळे टाकायची का थोडे पदराला बांधून घरी आणायची? माझी आज्जी आणायची, आणि तांदळाच्या डब्यात परत मिसळून टाकायची, वर्षभर घरात तांदूळ संपत नाही म्हणायची. संपायचा. दर महिन्याच्या वीस तारखेला संपायचा, पण तिला ते कुणी बोलून दाखवलं नाही. ती बोलायची कशी? "काय करलालीस गं", "जेवलालो की", असं आपलं सोलापुरी का अजून काही वेगळं? तू पुस्तिकेत तिच्या तोंडी "बाळ, शिक्षण हेच खरे धन आहे" असं घातलंयस. हे ती बोलली? अशोक चौकाच्या पलीकडची बाई? मला वाटतं ती म्हणाली असेल, "शिक की गं, न्हाईतर बस सूप घिऊन." तसंच लिही.

आणि ते घर. तू एका ओळीत उरकलंस की 2006 नंतर कुंभारीच्या घरकुलात राहायला गेलो. अगं, ती विडी कामगार बायकांची वसाहत आहे, कम्युनिस्ट पुढारी गोदूताई परुळेकरांच्या नावाची, दहा हजार घरं, पंतप्रधान आले होते चाव्या द्यायला, मनमोहन सिंग. एका खोलीत सहा जणं राहणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाचं घर मिळालं, विड्यांवर. पहिल्या दिवशी ती त्या घरात काय घेऊन आत गेली? कुठं बसली? आईला विचार, आईनंच सामान भरलं असणार.

शेजारणींना पण विचार, ज्या तिच्यासोबत उंबऱ्यावर बसायच्या त्यातली एखादी तरी असेल अजून. नातीला कुणी सांगत नाही अशा गोष्टी शेजारणीला ठाऊक असतात, चेष्टेच्या, शिव्यांच्या, कुणाला कसं फसवून ब्रँचमध्ये चांगली पानं मिळवली त्याच्या. त्या घाल. वर्षश्राद्धाला पाहुणे हसले तर काय बिघडतंय.

आता आवाजाचं. ही भीती खरी आहे आणि मी तुला उगीच नाही गं नाही गं म्हणणार नाही. आवाज जातो. चेहरा फोटोत राहतो, आवाज आधी जातो, माझ्या आज्जीचा मला आता शून्य आठवतो, फक्त शिंकायची कशी ते आठवतं, तीन शिंका आणि नंतर "शिवा". पण तुझी आज्जी मागच्या वर्षी गेलीये, व्हॉट्सॲपच्या काळात. सगळ्या नातेवाइकांना आजच्या आज मेसेज टाक की कुणी जुना फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. कुठल्या तरी आत्याच्या फोनमध्ये व्हॉइस मेसेज असणार, टाइप करता येत नाही म्हणून बायका बोलूनच पाठवतात. लग्नांच्या सीड्या काढा, मुंजीच्या, बारशाच्या, त्यात ती मागं कुठं तरी कुणाला तरी ओरडत असेल. कॅमेरावाल्यानं तिला घेतलं नसेल पण आवाज घेतला असेल. मिळेल ते तीन ठिकाणी कॉपी करून ठेव, हे तुझंच क्षेत्र आहे, मी काय सांगणार.

आणि नाहीच मिळालं, तर आईला आज्जीची नक्कल करायला सांग. खरंच सांगते. ज्या सुनेनं तीस-पस्तीस वर्षं सासूचं ऐकलंय तिच्याइतकी हुबेहूब नक्कल जगात कुणाला येत नाही, पोटच्या पोराला पण नाही. चटणी कुटता कुटता सांग. पहिल्यांदा नाही म्हणेल. मग जरा इकडंतिकडं बघेल, पप्पा घरात नाहीत ना ते बघेल, आणि मग करेल.

छापायचं म्हणशील तर आत्ता नको. वर्षश्राद्धाला पुस्तिका पाहिजेच असा काही शास्त्रात नियम नाही, जेवायला वाढा, हुग्गी करा, गव्हाची खीर तिला आवडायची म्हणतेस ना. प्रेसवाल्याला ॲडव्हान्स दिला असशील तर म्हण की मजकूर बदलतोय, गड्ड्यानंतर देते, त्या दिवसांत त्याचं पण लक्ष कामात नसतंय. गड्ड्यानंतर, शिवरात्रीपर्यंत, कधीही. आज्जीला घाई नाही.

हां, आणि गड्ड्याला यंदा आईला घेऊन जा, दोघीच. पप्पांना घरी बसू दे, भाऊ पोरांना बघेल. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं बघत बाळीवेशीतनं चालत जा, पाळण्यात नाही बसली तरी चालेल, होम मैदानावर खारे दाणे घे, आणि निघायच्या आधी घरातच तिच्या हातात पैसे दे. तू तिच्यासाठी खर्च करायचा नाही, तिच्या हातात द्यायचे आणि ती काय घेते ते बघायचं. मला कळव काय घेतलं ते, मला उत्सुकता आहे. माझा अंदाज आहे बांगड्या नाहीतर चाळणी.

हे उत्तर आईला वाचायला देऊ का, असं तू शेवटी बारीक अक्षरात विचारलंयस. दे. फक्त आधी तिचा चष्मा शोधून दे, नाहीतर म्हणेल तूच वाचून दाखव, आणि तू त्या कार्डाच्या ओळीपाशी आलीस की तुझा आवाज जाईल आणि पुढचं तसंच राहून जाईल.